वलवणहून पायी, वेळेवर

बससेवा सुधारण्याच्या गप्पा मला ऐकवू नका, त्या बैठकीला मी स्वतः हजर होतो. लोणावळ्याच्या बाजारपेठेतून वलवणपर्यंत शहर बस सुरू करायची की नाही, यावर लोकांची मतं ऐकण्यासाठी सकाळी अकराची वेळ दिली होती. अकराला सभागृहात मी, एक कारकून आणि वलवणच्या एक मावशी, एवढेच. मावशी बाजारातल्या हॉटेलात भांडी घासतात. गुडघे पार गेलेत.

"बस न्हाई झाली तर काम सोडावं लागंल बगा," त्या मला सांगत होत्या.

मतं ऐकून घेणारे साहेब पावणेबाराला उगवले, तेही सरकारी गाडीतून. पर्यटकांच्या गाड्यांत अडकलो म्हणाले आणि आधी पंखा स्वतःकडे फिरवून घेतला. मग मावशींकडे वळले.

"किती वाजता आलात?"

"अकराच्या आत, सायेब."

"कशानं?"

"चालत. दुसरं हाय काय?"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी कारकुनाला तिथल्या तिथे मजकूर सांगितला, "लिहा. वलवणचे नागरिक बाजारात पायी वेळेवर पोहोचतात. सबब बसची निकड दिसून येत नाही."

इतकी वर्षं असल्या साहेबांशी भांडत आलो, याही वेळी भांडायला पुढे सरसावलो. पण माझ्याआधी मावशीच गुडघ्यांवर हात टेकत सावकाश उठल्या.

"मग ती बस तुमालाच द्या की, सायेब," त्या म्हणाल्या. "उशीर तर तुमाला झालाय."