खाटेवरचा शब्द

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात सत्यवती नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आपल्या मॅट्रिक झालेल्या भाच्याला सांगत होती,

"देवमन, डाक्तरनं तुह्या मामाले पाहून 'पॉपर' म्हटलं. नर्सबाईनं ते खाटेवर लिवलं. आता काही खरं नाही."

"मामी, काहून रडून राहिली? तो रोग नोहे."

"मंग?"

"ज्याच्याजवळ काहीच नाही, असा मानूस. त्याले औषध फुकट, दूधबी फुकट."

"मंग तो मरत नाही?"

"नाही वं. ताप उतरला त्याचा."

"मी तं सोयऱ्यायले निरोप धाडला. धारणीहून निघाले असतीन."

"आता त्यायले काय सांगशीन?"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले.

"सांगतो, जुनंच दुखनं हाय. तुमच्याबी घरी हायेच ते."