सगळ्यांचं एकच उत्तर

कुणी तुला प्रश्न विचारला तर उत्तर तू एकटीच देतेस का गं? आमच्या पनवेलच्या चाळीत तसं नाही. शिक्षणामुळे आणि जागतिकीकरणामुळे वेगवेगळी माणसं एकमेकांत सामावतात का, याचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती. पेंगुळलेली दुपार, लांब महामार्गावर कंटेनरांची संथ रांग, आणि ओट्यावर आम्ही बायका. ती विचारायची एकीला, उत्तर द्यायच्या सगळ्या.

"मावशी, एकेकीनं सांगा ना!"

"हिचं नि माजं काय येगळं हाय?" गोदाकाकू म्हणाल्या.

मग तिनं ट्रेलर चालवणाऱ्याच्या बिहारी बायकोला विचारलं, "तुम्हाला इथं आपलं वाटतं?"

"वाटतं म्हंजे? आमचीच हाय ती!" काकूंनी सांगून टाकलं, आम्ही माना डोलावल्या.

"त्यांना बोलू द्या."

त्या बिहारी बाईनं कंटेनरांकडे बघितलं. मग झोपेत बोलावं तसं हळूच म्हणाली, "सब अच्छे हैं. बस, नाम किसी ने नहीं पूछा."

आम्ही सगळ्या तिला ट्रेलरवालीच म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात जाऊन नाव विचारलं. तिनं चंपा सांगितलं.