कोठीतलं बियाणं

अरे, मुकादमाचं ऐकलं असतं तर माझं धडधाकट अपेंडिक्स गेलंच होतं!

"ऊसतोडीला निघायच्या आधी काढून घे बे. फडात पोट दुखलं की खाडा पडतो. बिनकामाचंच हाय ते," म्हणत त्यानं मला माजलगावच्या दवाखान्यात नेलं.

मी डॉक्टरांसमोरच भडकलो. "बिनकामाचं न्हाई! चांगल्या जंतूंची कोठी हाय ती. हगवणीनं आतडं धुऊन निघालं की तिथलंच बियाणं परत पेरलं जातं. माझा दादा सांगायचा!"

डॉक्टर हसले. "बरोबर आहे. रोगाशी लढायलाही मदत करतं ते. दुखत नसताना मी हात लावणार नाही. दादाला आण एकदा, भेटायचंय मला."

मुकादमानं मान खाली घातली. दादा वारून महिनाच झाला होता.

मी छाती काढून म्हणालो, "साहेब, आत्ता माझ्या तोंडून बोलला तो दादाच होता."