साडूची जप्ती आणि आमचे हे

...नाही हो, तुम्हीच सांगा, दिवाळं वाजलेल्या माणसावर कुणी जळतं का? जळतात! आमचे हे जळतात! श्रीमंतावर जळणारी माणसं पाहिली, देखण्यावर जळणारी पाहिली, शेजारणीच्या पडद्यांवर तर मी स्वतः जळलेय, पण ज्याच्या दारात कोर्टाची बाई वही घेऊन उभी आहे त्याच्यावर जळायचं, म्हणजे काय खायचं काम आहे का?

झालं काय, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे ह्यांचा साडू, मुळात सुतार. हाताला अशी सफाई की त्याने केलेली खुर्ची जन्मात कुरकुरायची नाही. पण कुणीतरी डोक्यात भरवलं आणि गड्याने फर्निचरचं तीन मजली दुकान काढलं! तीन वर्षं आम्ही त्याला शेठ म्हणत होतो. चौथ्या वर्षी दुकान बुडालं, बँका मागे लागल्या, आणि वकील म्हणाला, आता दिवाळखोरीचा अर्ज करा, दुसरा मार्ग नाही. धाकटीचा रडत रडत फोन... "ताई, बुधवारी कोर्टाची बाई येणारेय गं, सामानाची यादी करायला. काय न्यायचं, काय ठेवायचं, ते ती ठरवणार. तू ये. भावोजींनाही आण, ह्यांना जरा धीर येईल."

धीर! तुम्हाला सांगते, ह्यांनी रजा टाकली! बावीस वर्षं पाणीखात्यात घरोघरचे मीटर बघत हिंडणारा हा माणूस, माझ्या बाळंतपणाला अर्ध्या दिवसाची रजा घेतलेला, तो साडूच्या जप्तीला पूर्ण दिवस! वर इस्त्रीचा शर्ट! म्हटलं, "लग्नाला निघालात का?" तर म्हणे, "अगं, अशा वेळी पाठीशी उभं राहायचं असतं." आणि उभे राहिले हो पाठीशी, अगदी दिवसभर उभे राहिले... पण कोर्टाच्या बाईच्या पाठीशी!

बाई बारीकशी, चष्मा दोरीला टांगलेला, मनगटात बांगडीसारखं लाल स्टिकरांचं भेंडोळं. जे न्यायचं त्याला स्टिकर, बाकीचं घरच्यांचं. तिने फ्रीज उघडला, बंद केला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली. हे खाकरले. "बाई, ह्याला स्टिकर राहिला वाटतं?"

"घरगुती वापराचा आहे. राहू दे."

"म्हणजे हेही त्याचंच?"

"हो."

गाद्या? राहू दे. कपाटं, कपडे, भांडी, मुलीचं अभ्यासाचं टेबल? राहू दे, राहू दे, राहू दे! आणि प्रत्येक वेळी आमचे हे, आवाज एकेक पट्टी चढत... "म्हणजे हेही त्याचंच?" खाली जुनी गाडी उभी होती, मला वाटलं ही तरी जाईल. बाई म्हणाली, "एक गाडी ठेवता येते, फार किमतीची नसेल तर. कामाला कसा जाणार माणूस?" मागच्या खोलीत रंधे, करवती, पटाश्या, सगळी सुतारकामाची हत्यारं ओळीने मांडलेली. साडू दारात हाताची घडी घालून उभा, चेहरा पांढराफटक. बाईने एक रंधा उचलला, धार बघितली, होता तिथे ठेवला. "पोटापाण्याची हत्यारं. ह्यांना कोणी हात लावणार नाही." साडूने जो श्वास सोडला ना, तो पार स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला असेल.

आणि ह्यांनी विचारायचं ते विचारलंच. "आणि... घर?"

"राहतं घर आहे, लहान आहे, कायद्याच्या मर्यादेत बसतंय."

"म्हणजे हेही त्याचंच?!" आणि मटकन जिन्यावर बसले. बसणारच हो, आमच्या घराचे अजून सहा वर्षांचे हप्ते आहेत!

बाई भली होती. तिने समजावलं, "अहो, कायदा माणसाला संपवायला नाही, त्याला पुन्हा उभं राहता यावं म्हणून आहे." तर हे काय म्हणाले असतील? "बाई, आम्ही बावीस वर्षं उभेच आहोत, आम्हाला कुणी 'बसा' म्हणालं नाही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग न्हाणीघरातून पाण्याचा आवाज. धाकटी आत, बोटाला साबण लावून लग्नाची अंगठी काढत होती. कुणी मागितलीही नव्हती! बोट सुजलेलं, अंगठी निघेना, ही आपली ओढतेय. बाई दारात गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, काय करताय? लग्नाची अंगठी आम्ही नेत नाही." तशी धाकटी ओल्या फरशीवरच बसली आणि हसतेय की रडतेय काही कळेना. साडू धावत आला, तिच्या शेजारी बसला, पँट भिजली, भान नाही. तिचा साबणाचा हात धरून म्हणत होता, "राहिली ना? राहिली ना गं?"

हे माझ्या मागेच उभे. मला वाटलं आता म्हणणार, आता म्हणणार, 'म्हणजे हेही...' पण नाहीच म्हणाले. आणि खरं सांगू? त्या क्षणी मी जळले! माझी अंगठी छताच्या गळतीपायी आम्ही कधीच मोडली, पण ते सोडा हो. माझ्यासाठी कुणी असं ओल्या फरशीवर बसेल? आधी फरशी पुसून घे म्हणतील!

शेवटी दिवाणखान्यात बाईने स्टिकर काढले. भिंतभर टीव्हीला एक, परदेशी सोफ्याला एक, पाठ चेपून देणाऱ्या खुर्चीला एक, साडूच्या सोनेरी घड्याळाला एक. चला, म्हटलं, आता तरी ह्यांचा जीव शांत होईल. कसला होतोय! घरी येताना रस्त्यात बोटांवर काहीतरी मोजणं चाललेलं... आणि कोपऱ्यावर एकदम, "चार स्टिकर लागले गं त्याला. चार!"

"मग?"

"मग काय मग! नेण्यासारखं होतं म्हणून लागले ना?"

आता सांगा! जे राहिलं त्यावर जळून झालं, आता जे गेलं त्यावरही जळायचं!

आमच्या दारासमोरच बसचा थांबा. तिथे तीच बाई उभी, बसला अजून पाऊण तास. हे लगबगीने गेले. "उन्हात कशाला? घरी या, चहा घ्या." मला वाटलं माणुसकी जागी झाली. बाईचा कप निम्मा व्हायच्या आत, "नाही, आता आलाच आहात तर सहज एक नजर टाका ना... उद्या आमच्यावर अशी वेळ आली, तर आमचं काय काय जाईल?"

बाईलाही कौतुक वाटलं असावं. उठली. आमचा टीव्ही बघितला, सोफ्यावर हात दाबला, स्प्रिंग टोचली तसा काढून घेतला. हे पुढे पुढे, दुकानदारासारखे! "हे भिंतीवरचं घड्याळ, आमच्या वडिलांचं!" बाई म्हणाली, "बंद आहे." "हो, पण जुनं आहे!" कपाट उघडून दाखवलं, सासूबाईंचा काचेचा सेट दाखवला, त्यातला फुटका कप पाठीमागे लपवला. बाईचा हात एकदाही त्या भेंडोळ्याकडे गेला नाही. शेवटी काकुळतीला येऊन हे म्हणतात, "बाई, एखादा तरी?"

बाईने चष्मा पुसला. म्हणाली, "अहो, आनंद माना. तुमच्या घरातलं काही म्हणजे काहीसुद्धा कुणाला नेता येणार नाही."

हे सोफ्यावर बसले, स्प्रिंग टोचली, तरी उठले नाहीत. इतका उतरलेला चेहरा मी ह्यांची बढती हुकली तेव्हासुद्धा पाहिला नव्हता.

मी बाईला दारापर्यंत सोडायला गेले. मागे वळून ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, काहीसुद्धा? नक्की?"

तिनेही वाकून आत पाहिलं. म्हणाली, "नाही हो. ठेवूनच घ्यावं लागेल."

ठेवलंय. कायद्यापुढे आपलं काय चालणार!