कडूचे थेंब

भाचा : "हलवू नकोस रे, ढवळ! घाई केलीस की ती पेल्यात उतरते." हॉटेलच्या बारमागून येणारा मामाचा हा आवाज अजून कानात आहे, मामी. लांब दांड्याचा तो चमचा, आणि बर्फ असा गोल फिरायचा की आवाज म्हणून नाही.

मामी : आणि तू काय करतोयस? सकाळपासून ओट्यापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझारा. जरा टेक. तुला बघून मलाच धाप लागली.

भाचा : टेकतो, पण आधी हा घोट घे. मामाच्या पेल्यासारखा जमलाय का बघ. व्हिस्की बदललीय.

मामी : आण... नाही रे. हे ते नाही.

भाचेसून : झालं! आता हा नळाचं पाणीसुद्धा ढवळून बघणार.

भाचा : तू गप गं. मामी, नाही म्हणजे काय नाही? गोड जास्त झालं? पाणी?

मामी : गोड बरोबर, पाणी बरोबर. तरी ते नाही.

भाचेसून : मामी, आमच्या घरी या एकदा. फ्रिजमध्ये भाजीला जागा नाही, सगळा बर्फ. चौकोनी बर्फ, गोल बर्फ, बर्फाचे लाडच लाड. काल पाहुण्यांना पाणी दिलं, तर हा त्यांच्या देखत म्हणतो, "तो पेला नको, तो मार्टिनीचा आहे!"

भाचा : आहेच तो मार्टिनीचा. खालची दांडी काय शोभेला असते? हाताची ऊब लागू नये म्हणून असते ती. हसा तुम्ही. बाकीची कॉकटेलं, मॅनहॅटन जमलं, निग्रोनी जमली, डोळे झाकून करीन. पण ओल्ड फॅशन्ड हा सगळ्यांचा आजोबा. दारू, साखर, पाणी आणि थोडा कडू अर्क. जुन्या काळी कॉकटेल म्हणजे एवढंच. फळांचे रस नाहीत की फेस नाही. लपायला जागाच नाही, मामी. आणि नेमका तिथंच मी उघडा पडतोय.

भाचेसून : आला बघ, रंगाऱ्याचा फोन. संध्याकाळी आपल्या नव्या बारचं दार उघडायचं आणि पाटीची पहिली ओळ अजून कोरी. विचारतोय, "मामांचा ओल्ड फॅशन्ड" लिहू का?

भाचा : थांब म्हणावं.

भाचेसून : मघाशीही मी थांबच म्हणाले. त्याचा ब्रश वाळून काडी झाला असेल.

मामी : दुसरं काही लिही ना. निग्रोनी लिही.

भाचा : कसं लिहू? चष्म्याच्या दुकानातली चांगली नोकरी सोडली ती याच्यापायी. दिसेल त्याला सांगत सुटलोय, मामाचा पेला पाजतो म्हणून. हॉटेलातली त्याची जुनी गिऱ्हाइकं आज मुद्दाम यायची आहेत. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं तर? खोट्या नावानं पाजू त्यांना?

मामी : नको. खोटं नाव नको.

भाचा : मग काय करू? बाजारात मिळतील तितके अर्क आणले. संत्र्याचा, लवंगेचा, कुठल्याकुठल्या मुळांचा. थेंब थेंब करून जीभ बधिर झाली. आता मला कळून चुकलंय, मामी. मामाच्या हाताला चवच तशी होती. ती कुठून आणू?

मामी : बर्फ वितळतोय बघ तुझा.

भाचेसून : मामी, एक विचारू? हाताच्या चवीचं निघालं की तुम्ही दर वेळी विषय बदलता. मागच्या रविवारी तुम्हाला एकाएकी गॅसवरचं दूध आठवलं. गॅसवर दूध नव्हतंच.

मामी : भलतंच लक्ष असतं गं तुझं.

भाचेसून : सासरी आल्यावर शिकले.

मामी : माझी आई काम करता करता गुणगुणायची...
गोडाच्या ग कौतुकाला घर सारं जमा झालं,
कडवानं चुलीपाशी एकल्यानं रडू केलं.
तेव्हा वाटायचं, आई उगाच काहीतरी जुळवते... त्या फडताळात हात घाल. खालच्या कप्प्यात, इस्त्रीच्या मागे. हं, तीच. हळू.

भाचा : ही बाटली? यात जेमतेम बोटभर काहीतरी काळं उरलंय.

मामी : पेला नव्यानं कर. यातले तीन थेंब घाल. आणि ढवळ, हलवू नकोस.

(बर्फ एकदाच किणकिणतो, मग फिरताना आवाज होत नाही.)

भाचा : मामी... अगं, हेच. हेच ते! जळकं, कडू, आणि मागून हळूच गोड. काय आहे यात?

मामी : करपलेली साल.

भाचेसून : करपलेली?

मामी : हॉटेलात अर्काची बाटली बाहेरून यायची, ती एकदा आलीच नाही. हे म्हणाले, घरीच मुरवू. संत्र्याच्या साली तव्यावर नुसत्या सुकवायच्या होत्या. तेवढ्यात आमची जुंपली. कशावरून, ते देव जाणे. हे दार आपटून गेले, मी खिडकीशी धुमसत बसले, आणि तव्यावर साली काळ्या ठिक्कर. दुसऱ्या नव्हत्या. म्हटलं, जा, हेच प्या! आणि लोटल्या दारूच्या बरणीत.

भाचा : मग?

मामी : मग काय, गिऱ्हाईक पुन्हा तोच पेला मागायला लागलं. हे धावत घरी आले, "तसंच कर, अगदी तसंच!" आता रोज उठून भांडण कुठून आणायचं? राग नसताना करपवायला शिकावं लागलं रे मला. आधी कडू वास सुटतो, तेव्हा उतरवायच्या नाहीत. त्याच्या पुढं एक गोड वास येतो, चुकार. तेव्हा.

भाचा : आणि मला दर रविवारी "हे ते नाही" म्हणत बसलीस! मामाही कधी बोलला नाही.

मामी : बोलू नकोस, लोक हसतील, म्हणाले होते. मी शब्द पाळला. हे गेल्यावर तर जास्तच पाळला. गेलेल्या माणसाच्या हातातला पेला कसा काढून घ्यायचा?

भाचेसून : रंगारी पुन्हा विचारतोय. काय सांगू, मामी? कुणाचं नाव घालायचं?

भाचा : मामी, तू सांग.

मामी : ढवळणं ह्यांचंच होतं, बाळा. तसं ढवळणं पुन्हा व्हायचं नाही... पण चव माझ्या हाताची होती.