मासा धरायचा मी, मिरवायचं बाकीच्यांनी

...आणि वर मलाच विचारते, "नीट धरशील ना?" मला! अहो, तुम्हाला सांगतो, इताया नदीत कंबरभर पाण्यात उभं राहून माझा जन्म गेला, मासे धरधरून हातांची कातडी मगरीसारखी झाली, आमच्या इकितोस शहरातल्या गोदामांतून जे रंगीत मासे जगभरच्या काचेच्या पेट्यांत जाऊन बसलेत त्यातले निम्मे या हातांतून गेलेत, आणि माझी बायको ओर्फेलिंदा मला विचारते, नीट धरशील ना! पण मी गप्प. बोलून काय होतं? या घरात मी गप्पच असतो.

बरं, मासा तरी कसला? फुगामासा! अंगठ्याएवढा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, डिवचला की पोट लिंबासारखं टम्म, आणि तोंडात पुढचे दात असे जुळलेले की पोपटाची चोचच म्हणा. गोदामवाल्यानं मागितला तर ठेवायचा, नाहीतर शिवी घालून परत पाण्यात, कारण हा मेला दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. तर आमची मुलगी दूर राजधानीला, लिमाला गेली, घर सामसूम झालं, माझी म्हातारी खाईना की बोलेना, आणि नेमका त्याच दिवसांत माझ्या बादलीच्या तळाशी हा एक राहून गेला. तिनं उचलला, पेटीत सोडला, नाव ठेवलं पिपो. लगेच नाव! मला एवढ्या वर्षांत लाडाचं नाव नाही, मला आपलं "ए म्हाताऱ्या". तरी मी गप्प, कारण पिपो आला आणि बाई पुन्हा जेवायला लागली.

आता हा ओढ्यात असतो तेव्हा खातो काय? गोगलगाई. कवचासकट, कटाकट! दात वाढत राहतात आणि कवचावर झिजत राहतात, देवानं लावलेली सोय आहे. पण ओर्फेलिंदापुढे देवाचं काय चालतंय? हिच्या माहेरची रीत, पाहुण्याला गोगलगाय वाढायची तर मांस काढून, धुऊन, लिंबू पिळून. पानात कवच सापडलं तर घराण्याची अब्रू गेली! आणि हिनं माशाला पाहुणा केला! टाचणीनं मांस ओढायचं, बारीक चिरायचं, बोटावर घेऊन भरवायचं. मी म्हटलं, "अगं, दे की कवचासकट, कचरा काय तोच काढतो." तर म्हणते कशी, "पाहुण्यापुढं कवच टाकू? मी काय तुझ्या आईच्या हाताखाली वाढलेय?" आता आई मध्ये आल्यावर माणसानं काय करावं? मी गप्प.

झालं! दात वाढले. वरचे खाली, खालचे वर, तोंडाला कडीच लागली हो. पिपो मांसाजवळ यायचा, तोंड लावायचा, ढकलायचा, परत फिरायचा. भूक आहे, ताट समोर आहे, तोंड उघडत नाही... आणि तो जेवेना म्हणून ही जेवेना! हसू नका. केळं भाजून ठेवलं, मासा तळून ठेवला, ही आपली पेटीपुढं बसलेली. "त्याच्या देखत कसं गिळू?" म्हणते. गाल आत गेले, झगा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मला रात्री पाठीला तिची हाडं टोचायला लागली, मग म्हटलं, आता पुरे.

नेलं दोघांना गोदामात. तिथला कासिमिरो बघून म्हणतो, "दात वाढलेत काका. टाकून द्या, दुसरा न्या. टब भरून पडलेत."

ओर्फेलिंदा कडाडली, "तुझी आईपण म्हातारी झालीय, टाकून दे, दुसरी आण! टब भरून मिळतील!"

कासिमिरो मागं सरकला. मग हळूच सांगितलं त्यानं: वाडग्यातल्या पाण्यात लवंगेचं तेल अगदी थेंबभर, मासा झोपतो, पाण्यातच धरून दाताचं टोक कापायचं, लगेच स्वच्छ पाण्यात सोडायचा. "पण तेल जास्त झालं तर उठत नाही हां, मावशी."

आता तेल! माझी दाढ ठणकते तेव्हा मला काय? "मिठाच्या पाण्यानं चूळ भर." माशासाठी बाटली आली! मी गप्प.

आणि कापणार कोण? तर शेजारची एलिता, बायकांची नखं रंगवते ती. नखांची बारीक कात्री घेऊन आली, स्टूल ओढलं, गिऱ्हाईक बसवल्यासारखी बसली. ओर्फेलिंदानं तेल घातलं, पिपो झोपला, मी वाडग्यात ओल्या फडक्यात त्याला धरलेलं, श्वास रोखून, आणि ही विचारते, "मावशी, टोकदार ठेवू की गोल?"

"गोल ठेव गं. त्याचा चेहरा गोल आहे."

"रंग लावू का लाल?"

"तुझ्या जिभेला लाव," मी म्हटलं, "आणि काप!"

"काका, हात हलतोय तुमचा."

माझा हात! हिची बडबड थांबेना, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सून माहेरी गेली, आणि मध्येच... टच्! कापलं! तुकडा माझ्या भुवईवर उडाला. मासा स्वच्छ पाण्यात सोडला, आणि तो पडला की हो आडवा. हलेना. कल्ला हलेना, शेपूट हलेना, काही हलेना. एलिता गप्प झाली. अहो, ही बाई स्वतःच्या नवऱ्याच्या मयतातही गप्प बसली नव्हती! ओर्फेलिंदानं माझं कोपर धरलं. नुसती काडी हो, तिची बोटं.

मग मी त्याला दोन बोटांत धरलं आणि पाण्यातून फिरवत राहिलो, तोंडातून पाणी आत जावं, कल्ल्यातून बाहेर यावं म्हणून. गोल गोल. कंबर मोडली, गुडघे वाजायला लागले, एलिता म्हणाली, "काका, सोडा आता," मी म्हटलं, "तू चूप." सगळ्या संतांना हाका मारल्या, मग संतांना शिव्या घातल्या. "ऊठ रे फुकट्या," म्हटलं, "तू नाही उठलास तर ही नाही जेवायची, कळतंय का तुला?"

आणि कल्ला हलला. मग डोळा फिरला. मग काय केलं असेल त्यानं? चावला! माझ्या अंगठ्याला! मी बोंब मारली, पाण्यात रक्त, आणि ओर्फेलिंदा टाळ्या पिटतेय, "चावला! एलिता, चावला गं बाई!" चिंधी कुणी आणली? कुणी नाही!

तिनं स्वतःच्या हातानं गोगलगाय टाकली पेटीत. कवचासकट. रीत गेली खड्ड्यात. पिपो आला, बघितली, आणि... कटक्! ओर्फेलिंदा पेटीकडे बघत खाली बसली, पानात गुंडाळलेला भात ओढला आणि पान चाटेपर्यंत खाल्ला. मी तोंड फिरवलं. चुलीचा धूर फार झाला होता.

आता म्हणाल, सुटला म्हातारा. सुटतोय कसला! तेल घातलं कुणी? बायकोनं. कापले कुणी? एलितानं. पण जाग आली तेव्हा त्याच्यासमोर थोबाड कुणाचं? माझं! हे मासे माणूस ओळखतात हो. आता मी घरात पाऊल टाकलं की हा दगडामागं, पोट टम्म, जेवण बंद. आणि तो जेवला नाही की कोण जेवत नाही, ते सांगायला नको. "म्हाताऱ्या, बाहेर बस जरा, त्याचं होऊ दे." म्हणून मी हा असा, घराच्या नदीत उतरणाऱ्या पायरीवर, ताट मांडीवर, ढेंगा नदीत सोडून. उन्हात. आणि रोज गोगलगाई वेचायला चिखलात कोण उतरतं? त्यालाच विचारा, दगडामागून बाहेर आला तर.

...थांबा. श्श. ऐकलंत? कटक्! हं. आता ती घास घेईल... घेतला.

माझं ताट? गार झालं केव्हाच. असू दे. तुम्ही जरा हळू बोला, आत जेवण चाललंय.