तिसऱ्या ओळीतला शब्द

गौरवी : शिकवायचं नसेल तर तसं सांगा काका. टोमणे ऐकायला आले नाही मी.

गोकुळदास : मग काय ऐकायला आलीस? दोन वर्षं तुझ्या बापायन या सोप्यावर पाय ठेवला नाय. सखाराम, सख्खा भाऊ माझा. आणि आज त्याची चेडू येते, काय तर म्हणे रॅपमधलं ध्रुवपद गायला शिकवा.

गौरवी : पाय का ठेवला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे.

गोकुळदास : मला ठाऊक आहे ते एवढंच. सखारामाने पंचायतीत अर्ज टाकला, खाणीचे ट्रक आपल्या वाड्यातल्या रस्त्यावरून जायचे बंद झाले. माझा ट्रक परसात गंजतोय, बघ जा.

गौरवी : धुळीने आईचा दमा वाढला म्हणून टाकला. हौस नव्हती.

गोकुळदास : मग गाणंही बापायकडेच शीक.

गौरवी : त्यांना सूर नाही. आख्ख्या सुर्ला गावात घुमटाच्या तालावर आरती उचलणारा तुमच्यासारखा आवाज नाही, म्हणून आले. रविवारी साखळी शहरात रॅपची स्पर्धा आहे. मागच्या वेळी परीक्षक म्हणाले, बोलतेस झकास, पण गायला लागलीस की पोरगी दुसरीच वाटते. यंदा हरले तर मी हे सोडून देणार.

गोकुळदास : उभी राहा. म्हण.

(ती म्हणते. बोलायचा भाग झरझर जातो, ध्रुवपदाला आवाज फाटतो.)

गोकुळदास : बोलताना बोंबलतेस कशाला गो? माइक असणार ना तिथे? सगळा दम तिथेच उधळतेस आणि गायच्या वेळी रिकामी. हळू बोल. अक्षर मात्र दातांनी तोडून बोल.

गौरवी : हळू बोलले तर राग कसा कळणार?

गोकुळदास : मी आता ओरडतोय? तरी लागतंय ना तुला?

गौरवी : लागतंय.

गोकुळदास : मग झालं. दुसरं, बोलण्यातली शेवटची ओळ ध्रुवपदाच्या सुरावर बोल. गाऊ नको, बोलच, पण त्या सुरावर. आम्ही गजर असाच उचलतो. आवाज आधीच तिथे जाऊन बसला की उडी मारावी लागत नाय.

(ती पुन्हा म्हणते.)

गौरवी : लागला! काका, सूर लागला.

गोकुळदास : नाचू नको. ध्रुवपदाच्या तिसऱ्या ओळीचा पहिला शब्द खाल्लास. मघाशी पण खाल्लास.

गौरवी : तिथे श्वास पुरत नाही.

गोकुळदास : त्याच्या आधी चोरून घे. नाकाने, खांदे न हलवता. परत.

(ती म्हणते.)

गोकुळदास : परत खाल्लास. श्वास तर ओळ संपून वर उरला. कागद दे इकडे.

गौरवी : नको. घरी करीन मी.

गोकुळदास : दे म्हटलं ना. 'सगळ्या वाड्यात घुमट वाजला, आमचं दार टाळून गेला. गोकुळकाकाचा उंच आवाज, पुढच्या घरी चढत गेला.'

गौरवी : दार सताड उघडं होतं, त्या अर्जानंतरच्या गणेशचवथीला. आईने आरतीवाल्यांसाठी नेवऱ्या तळून ठेवल्या होत्या, मोजून वीस जणांच्या. तुम्ही सगळ्या घरांत गेलात.

गोकुळदास : ते मंडळाने ठरवलं होतं.

गौरवी : मंडळाचा आवाज तुमचा. शेजारच्या भिंतीतून येत होता तो. बाबा म्हणाले, तेवढा पुरे आपल्याला. त्याच आवाजावर टाळ्या वाजवून आम्ही तिघांनी आमच्या गणपतीची आरती केली.

गोकुळदास : सखाराम म्हणाला असं?

गौरवी : हो.

गोकुळदास : माफी मागणार नाय मी. ट्रक माझा गेलाय.

गौरवी : मी मागितली कुठे? आणि नावही बदलणार नाही.

गोकुळदास : बदलणार नाय, नुसतं गिळणार. ऐकणाऱ्याला काय कळणार, कोण टाळून गेला ते? इथे माझ्यासमोर जमलं नाय, तर साखळीत कुठून जमणार तुला?

गौरवी : मग काय करू?

गोकुळदास : उभी राहा. आधी चोरून श्वास घे. आणि ते नाव माझ्याकडे बघून म्हण.